वीज कंपनीचा करंट रेशो आणि आपली भिशी: लेडीज डब्यातल्या मैत्रिणींना खुलं पत्र

डोंबिवली फास्टच्या लेडीज डब्यातल्या भिशीवाल्या मैत्रिणींनो,

मंगळवारचं भांडण घाटकोपरला सुरू झालं आणि दादरला अर्धवट सुटलं, कारण दादर आलं की निम्म्या जणी पर्स पोटाशी धरून उतरतात आणि उरलेल्या भायखळ्यापर्यंत डुलक्या काढतात. विषय आठवत असेलच. या वर्षी ज्यांचा नंबर लागेल त्यांनी सोन्याचं नाणं न घेता त्या वीज कंपनीचे एनसीडी (म्हणजे रोखे, कंपनीला ठरावीक मुदतीसाठी व्याजाने दिलेलं कर्ज) घ्यायचे, व्याज बँकेपेक्षा बरं आहे, असं जवळजवळ ठरत आलं होतं. (कंपनीचं नाव इथे घेत नाही, आणि खरं तर प्रश्न एका कंपनीचा नाहीच.) तेवढ्यात डोंबिवलीवालीने मोबाईलमध्ये बघून जाहीर केलं की हिचा करंट रेशो ०.७ आहे, एकच्या खाली म्हणजे कंपनी गाळात. त्यावर ठाणेवाली म्हणाली, अगं लाइट बिल कोण बुडवतं का, मीटर काढून नेतील, वीज कंपनी कधी बुडते का! मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी फोर्टातल्या ऑफिसात बसून गेली अकरा वर्षं कंपन्यांच्या बॅलन्सशीट वाचते आणि बँकांसाठी नोटा लिहिते, छापत नाही. मी तोंड उघडलं आणि दादर आलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं मोठं कोणी वाचणार नाही, म्हणून हे पत्र. दोघीही चुकताय, आणि दोघी वेगवेगळ्या कारणांनी चुकताय.

आधी मुलुंडवालीचं आठवा. भिशीत गेल्या वर्षी तिचा नंबर लागायचा होता ऑक्टोबरात आणि मुलीची फी भरायची होती जुलैत. साठ हजार तिचेच होते, कुठे पळून जाणार नव्हते, पण जुलैत हातात नव्हते, म्हणून तिला बांगड्या ठेवाव्या लागल्या. ती गरीब होती का? अजिबात नाही. तिचं येणं आणि देणं यांच्या तारखा जुळत नव्हत्या, एवढंच. लिक्विडिटी म्हणतात ती हीच. कंपनीकडे वायरी, खांब, सबस्टेशन, जमिनी मिळून हजारो कोटींची मालमत्ता असते, पण येत्या मार्चला कर्जाचा हप्ता द्यायचा असेल तर सबस्टेशन विकून कोणी हप्ता देत नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे आपल्या आज्यांना बॅलन्सशीट न वाचता कळत होतं.

आता डोंबिवलीवाली, तुझा करंट रेशो. वर्षभरात रोख होणारी मालमत्ता भागिले वर्षभरात द्यायची देणी. किराणा दुकानाला हे बरं लागू पडतं, माल भरलाय, विकला जाईल, होलसेलवाल्याला देऊ. वीज कंपनीकडे माल कुठे आहे? वीज काही गोणीत भरून ठेवता येत नाही, ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी आपल्या फ्रिजमध्ये खर्च होते. स्टॉकमध्ये असतो तो कोळसा, तेल आणि गोदामातल्या केबली-ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग. वितरण करणाऱ्या कंपनीकडे तर कोळसाही नसतो. त्यामुळे वरची बाजू मुळातच बारीक. खालच्या बाजूला मात्र वीजखरेदीची बिलं, कर्जाचे या वर्षीचे हप्ते, कमर्शियल पेपर (बाजारातून काढलेलं थोड्या मुदतीचं विनातारण कर्ज), ठेकेदारांची देणी, सगळं येऊन बसतं. चांगल्या चालणाऱ्या वीज कंपन्यांचाही रेशो एकच्या खाली दिसतो तो यामुळे, आणि नुसत्या त्या आकड्यावरून घाबरायचं कारण नाही.

अजून एक गंमत बघा. आज घरी गेल्यावर लाइट बिल काढा आणि त्यावर 'सुरक्षा ठेव' कुठे लिहिलंय ते शोधा. मी काल रात्री भांडी आवरून झाल्यावर शोधलं, तर आमच्या नावावर एवढी रक्कम पडून आहे की सासूबाई म्हणाल्या, हे पैसे आपले आहेत होय! आपलेच आहेत. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाच्या २०२१च्या नियमांनी ही ठेव साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी असते, दरवर्षी वापर बघून जास्तीची मागतात आणि त्यावर व्याजही देतात. म्हणजे एनसीडी घ्यायचे की नाही यावर आपण भांडतोय आणि आपापल्या वीज कंपनीला आपण आधीच बिनकागदाचं कर्ज देऊन बसलोय. आता कंपनीच्या वहीत ही ठेव म्हणजे देणं. कनेक्शन सोडलं की परत द्यायची, म्हणून काही कंपन्या ती चालू देण्यांत दाखवतात आणि काही लांबच्या देण्यांत. व्यवहारात लाखो ग्राहक एकाच दिवशी मीटर परत करायला रांग लावत नाहीत, बँकेतून पैसे काढायला झुंबड उडते तशी इथे उडत नाही. त्यामुळे हीच ठेव एकीकडे टाकली की रेशो ०.७ आणि दुसरीकडे टाकली की ०.९, कंपनी तीच. म्हणून दोन कंपन्यांचे रेशो शेजारी मांडण्याआधी ठेव कुठे ठेवलीय ते बघायचं.

उलट बाजूचीही एक गोम आहे आणि ही जास्त धोकादायक, कारण ही नफ्याच्या वेषात येते. वीजदर कंपनी ठरवत नाही, आयोग ठरवतो. समजा खर्च झाला शंभर आणि दरातून वसूल झाले नव्वद, तर उरलेले दहा 'पुढच्या वर्षांच्या दरातून घ्या' असं होतं आणि ते नियामक येणं म्हणून वहीत चढतं. लेखामानकांप्रमाणे ते बॅलन्सशीटमध्ये वेगळ्या ओळीत दाखवतात, करंट रेशोत धरतही नाहीत, पण नफ्यात त्याचा परिणाम दिसतो, आणि पेपरात येतं की कंपनीचा नफा वाढला. रोख किती आली? शून्य. काही राज्यांत हे येणं वर्षानुवर्षं साचत गेलं, शेवटी ऑगस्ट २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की ठरलेल्या मुदतीत हे निकालात काढा. आणि हे निकालात काढायचं म्हणजे काय, तर तुमच्या-माझ्या बिलातून.

आता ठाणेवाली. बिल कोण बुडवत नाही हे आपल्या सोसायटीपुरतं खरं आहे. पण कधी देतो ते बघ. एक तारखेला तू इस्त्री केलीस, ती वीज कंपनीने कुणाकडून तरी विकत घेतली. महिना संपल्यावर रीडिंग, मग बिल, मग घरगुती ग्राहकाला भरायला निदान एकवीस दिवसांची मुदत. आणि आपण काय पहिल्या दिवशी भरतो होय, शेवटच्या दिवशी रात्री अकराला यूपीआय करतो. म्हणजे एक तारखेच्या इस्त्रीचे पैसे कंपनीला पन्नासेक दिवसांनी आणि तीस तारखेच्या इस्त्रीचे पंचवीसेक दिवसांनी, सरासरी चाळीस दिवस कंपनी आपली उधारी सांभाळते. त्यात पाणीपुरवठा योजना, रस्त्यावरचे दिवे, शेतीपंप असे ग्राहक असले तर विचारू नका, तिथे थकबाकी वर्षांत मोजतात आणि कनेक्शन तोडायला गेलं तर राजकारण होतं. कायद्याने तोडता येतं, पंधरा दिवसांची नोटीस देऊन, वीज कायद्याचं कलम ५६. पण तोडता येणं वेगळं आणि तोडणं वेगळं.

आपली गाडीच बघा ना. महावितरणच्या हद्दीतून निघते, भांडुप मागे पडलं की अदानी आणि टाटांचा भाग, शीव आलं की बेस्ट. तासाभरात इतक्या कंपन्या, आणि प्रत्येकीचा ग्राहक वेगळा, उधारीची सवय वेगळी. 'वीज कंपनी' म्हणून सरसकट बोलण्यात काही अर्थ नाही.

आपल्या वीज कंपनीला वीज विकणारा मात्र आता थांबत नाही. २०२२मध्ये केंद्राने लेट पेमेंट सरचार्जचे, म्हणजे उशिरा पैसे दिल्याच्या दंडाचे, नवीन नियम आणले, थकवलं की बाहेरून वीज घेण्यावरच बंधन. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेरा राज्यांतल्या वितरण कंपन्यांना थकबाकीपायी पॉवर एक्स्चेंजवरची, म्हणजे विजेच्या बाजारातली, खरेदी-विक्री बंद केली होती. म्हणजे आपण चाळीस दिवसांनी देणार आणि पुढचा मात्र तारखेला मागणार.

आणि २०२० विसरलात का? लॉकडाऊनमध्ये मीटर रीडिंग बंद, हिवाळ्याच्या सरासरीने बिलं आली, आपण खूश, आणि जूनमध्ये तीन महिन्यांचा खरा हिशोब आला तेव्हा आपल्या ग्रुपवर नुसता आरडाओरडा. आपल्या बाजूने ती गोष्ट आपण सगळ्यांना सांगतो. कंपन्यांच्या बाजूने ती अशी की कारखाने बंद, दुकानं बंद, जास्त दराने पैसे देणारे ग्राहकच गायब, घरगुती वसुली अर्धवट, आणि वीजखरेदीचे करार मात्र चालू. मे २०२०मध्ये केंद्राला देशभरच्या वितरण कंपन्यांसाठी नव्वद हजार कोटींच्या कर्जाची सोय जाहीर करावी लागली ती यासाठीच. त्याआधीच्या मार्चच्या बॅलन्सशीटमध्ये हे कुठल्या रेशोत दिसलं असतं?

'वीज कंपनी बुडत नाही' यावर अमेरिकेतल्या गोष्टी सांगते. कॅलिफोर्नियातली पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक, अवाढव्य कंपनी, ती दोनदा दिवाळखोरीत गेली. पहिल्यांदा ६ एप्रिल २००१ला, कारण घाऊक बाजारात विजेचा भाव भडकला आणि ग्राहकांचा दर गोठवलेला होता, घ्यायची महाग आणि विकायची स्वस्त. दुसऱ्यांदा २९ जानेवारी २०१९ला, तिच्या वायरींमुळे लागलेल्या वणव्यांच्या नुकसानभरपाईचा अंदाज तीस अब्ज डॉलरवर गेला म्हणून. दोन्ही वेळा लाइट चालू राहिले हं! दुसऱ्या वेळी कोर्टाच्या परवानगीने साडेपाच अब्ज डॉलरचं नवीन कर्ज काढून कारभार चालवला. ठाणेवाली, तुझं बरोबर आहे, वीज बंद होत नाही. पण जुन्या कर्जवाल्यांचे पैसे कोर्टात अडकून राहतात, आणि एनसीडी घेतले की जुन्या कर्जवाल्या म्हणजे आपण.

टेक्सासची गोष्ट मला जास्त लागली, कारण तिथे कंपनीची तशी काही चूकही दिसत नाही. ब्राझोस इलेक्ट्रिक, वीजनिर्मिती आणि पारेषण करणारी तिथली सर्वांत मोठी आणि जुनी सहकारी संस्था, आपल्या साखर कारखान्यासारखी सभासदांची. तब्येत चांगली, रेटिंग चांगलं. फेब्रुवारी २०२१मध्ये बर्फाचं वादळ आलं, वीजकेंद्रं गारठून बंद पडली, आणि बाजारातला भाव कमाल मर्यादेला नेऊन कित्येक दिवस तिथेच ठेवला, ९,००० डॉलर प्रति मेगावॉट-तास. आपल्या भाषेत एका युनिटला नऊ डॉलर, तेव्हाच्या भावाने साडेसहाशे रुपये! आपल्याकडे युनिट पंधराचं झालं तर मोर्चा निघतो. आठवडाभराचं बिल आलं दोन अब्ज डॉलरच्या आसपास, आणि भरायला मुदत दिवसांची. त्यांच्यापुढे दोन रस्ते होते, हे सगळं सभासदांच्या बिलात टाकायचं किंवा कोर्टात जायचं. १ मार्चला त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. महिन्यापूर्वी त्यांचा करंट रेशो काढला असता तर आपल्या डोंबिवलीवालीने नक्की पास केला असता.

आपल्याकडे अशा भाववाढीला एक उशी आहे, बिलावर 'इंधन समायोजन आकार' म्हणून ओळ असते ती. कोळसा किंवा वीजखरेदी महागली की वाढीव खर्च त्या ओळीतून आपल्याकडून घेतात. आपण तिला शिव्या घालतो, पण कंपनीला कर्ज देणारा माणूस त्या ओळीवर जगतो. फक्त ती काही महिने उशिराने येते आणि तिलाही मर्यादा असते, मधले महिने कंपनीने स्वतःच्या दमावर काढायचे.

मग बघायचं काय? मी ऑफिसात काय करते ते सांगते, फार अवघड नाही, भिशीचा हिशोब ठेवणारीला सहज जमेल. कंपनीचा वार्षिक अहवाल घ्यायचा, पुढची चकचकीत पानं, अध्यक्षांचा फोटो, झाडं लावतानाचे फोटो, सगळं सोडून सरळ कॅश फ्लोवर जायचं. वर लिहिलेलं असतं कामकाजातून आलेली रोकड. ती बघून लगेच हुरळायचं नाही, कारण आपल्याकडच्या लेखामानकात कर्जावर दिलेलं व्याज त्यात धरत नाहीत, ते खाली कर्जाच्या भागात दाखवतात. मी नवीन होते तेव्हा हे विसरले आणि साहेबांनी पूर्ण नोट परत केली, लाल पेनाने एकच शब्द लिहून, 'व्याज?' तेव्हापासून पहिलं काम, वरच्या आकड्यातून व्याज वजा.

मग समजा, हा माझा बनवलेला आकडा आहे, कुठल्या कंपनीचा नाही. बँकेत ३०० कोटी, बँकांनी मंजूर केलेली पण अजून न उचललेली मर्यादा ५०० कोटी, वर्षभरात कामकाजातून येतील १,५०० कोटी. एकूण २,३०० आले. जाणार किती? व्याज ४००, कर्जाचे हप्ते ७००, कमर्शियल पेपर ४०० आणि टाळता न येणारी कामं, केबल बदलणं, सबस्टेशन वगैरे, ९००. झाले २,४००. शंभर कोटी कमी. कंपनी म्हणेल, कमर्शियल पेपर आम्ही फिरवू, जुना फेडायला नवीन काढू. बाजार बरा असेल तर फिरतो. आता त्यात एक धक्का देऊन बघायचा. कंपनीची वर्षाची बिलं ७,३०० कोटींची, म्हणजे दिवसाला २० कोटी. वसुली फक्त पंधरा दिवस लांबली की ३०० कोटी अडकले. शंभरचा खड्डा चारशेचा झाला. मला हवा असतो तो हा आकडा, चारशे कोटी, आणि मग एकच प्रश्न, हे कोण देणार आणि त्याने तसं लिहून दिलंय का?

लिहून देण्यावर मी एवढा जोर देते त्याला कारण आहे. बँकेची मर्यादा दोन तऱ्हेची असते, एक बांधील, जी बँकेला द्यावीच लागते, आणि दुसरी 'बघू, मागाल तेव्हा ठरवू'वाली. अहवालात दोन्हीची बेरीज एका वाक्यात करून टाकतात. दुसरी म्हणजे आपल्या नणंदेचं 'काही लागलं तर सांग गं', सांगून बघा. तसंच बँकेतल्या शिलकीतली किती रक्कम मार्जिन म्हणून किंवा कशासाठी तरी अडकवलेली आहे ते खालच्या टिपेत असतं, ती वजा करायची. आणि ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीला उसने दिलेले पैसे 'चालू मालमत्ता' म्हणून बसवलेत का, ते तर आधी बघायचं. मी ते सरळ शून्य धरते. साहेबांना हे जास्त कडक वाटतं, वाटू दे.

दोन तक्ते शोधून ठेवा. एक, येणी किती जुनी आहेत त्याचा, सहा महिन्यांच्या आतली किती, तीन वर्षांच्या वरची किती. २०२१-२२च्या हिशोबांपासून हा तक्ता सगळ्या कंपन्यांना द्यावाच लागतो, सोबत अकरा रेशोही, आणि एखादा रेशो पंचवीस टक्क्यांहून जास्त हलला तर का हलला तेही लिहावं लागतं. ते स्पष्टीकरण वाचा, त्यात कंपनी रडत असते. दुसरा तक्ता कर्जफेडीचा, एका वर्षात किती, एक ते पाच वर्षांत किती. माझी नजर पहिल्या रकान्यावरच अडकते.

रेटिंगचं म्हणाल तर घाटकोपरवाली बोललीच होती की एए आहे, मग काय चिंता. आयएल अँड एफएसला, रस्ते-पूल अशा प्रकल्पांना पैसे पुरवणाऱ्या त्या मोठ्या कंपनीला, २०१८च्या मध्यापर्यंत ट्रिपल ए, म्हणजे सर्वांत वरचं रेटिंग, होतं आणि सप्टेंबरपर्यंत हप्ते चुकले. त्यानंतर सेबीने रेटिंग एजन्सींना सांगितलं की लिक्विडिटीवर वेगळा परिच्छेद लिहा आणि साध्या शब्दांत लिहा, सुपीरियर, स्ट्राँग, अ‍ॅडिक्वेट, स्ट्रेच्ड की पुअर. तो परिच्छेद फुकट मिळतो, एजन्सीच्या साइटवर. आपल्या या कंपनीच्या नावापुढे सध्या 'अ‍ॅडिक्वेट' आहे. म्हणजे सगळं ठरल्यासारखं झालं तर पुरतंय.

तर माझं मत विचाराल तर, डोंबिवलीवाली, ०.७ला घाबरून सोडू नकोस, आणि ठाणेवाली, लाइट बिलाच्या भरवशावर सगळे साठ हजार टाकू नकोस. येत्या सप्टेंबरात या कंपनीचा एक मोठा हप्ता आहे, तो कशातून फेडणार हे अहवालात मला तरी सापडलं नाही. मी गुंतवणूकदारांच्या ईमेलवर विचारलंय, उत्तर आलं तर सांगते. माझा नंबर नोव्हेंबरात आहे, त्यामुळे मला घाई नाही. ज्यांचा आधी लागतोय त्यांनी तोवर पैसे बँकेत ठेवा.

शुक्रवारी मी त्या दोन तक्त्यांची प्रिंट आणते, मोठ्या अक्षरात, चष्मा विसरणाऱ्यांसाठी. मुलुंडवाली, खिडकीजवळची एक सीट धर, आणि विषय घाटकोपरला नाही, ठाण्यालाच काढू, म्हणजे दादरच्या आत संपेल.

तुमची,
दारातली तिसरी